बाजूचे फाटक

आमच्या शाळेच्या मुख्य फाटकाजवळ स्वागतकक्ष आहे. कक्ष म्हणजे तीन भिंती, एक काउंटर, पाण्याचे पिंप आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग. तिथे बसणाऱ्या बाईंना मुले, पालक, शिक्षक सगळेच ‘या-बसा बाई’ म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून निघणारे पहिले दोन शब्द तेच असतात. पालक असो, पुस्तकविक्रेता असो की नळ दुरुस्त करणारा असो, बाई आधी त्याला बसवतात, मग पाणी देतात, आणि मग विचारतात, “कोणाकडे आलात?”

मी याच शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, निवृत्तीला टेकलेला. आजवर मी फक्त पत्रे लिहिली. ‘महोदय’ने सुरू होणारी आणि ‘आपला विश्वासू’ने संपणारी. पण याच सत्रात या बाईंच्या बाबतीत आमच्या संस्थेने जे केले, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून उतरलेली नाही. पत्रात हे बसत नाही, म्हणून असे लिहितो आहे.

बाई काही गरीब गाय नाहीत, हे आधीच सांगतो. आवाज मोठा, जीभ तिखट, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजते आहे याची चौकशी केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मला एकदा भर काउंटरवर म्हणाल्या, “भाऊसाहेब, जरा हसत जा. तुमचा चेहरा पाहून लोकांना वाटतं, मुलाचा दाखला घ्यायला आलोय का जप्तीला आलोय!” त्यांचे यजमान शिंपी. ते मितभाषी आहेत, आणि का आहेत हे कोणी विचारत नाही.

तरुणपणी बाई एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला होत्या. मुलगा दुसऱ्या एका शाळेत होता. त्याची कविता होती स्टेजवर, म्हणून पाळी संपताच त्या तशाच, अंगावर कारखान्याचा डगला, केसांत पुठ्ठ्याची धूळ, शाळेत धावल्या. फाटकावरच्या माणसाने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, “पत्रिका?” पत्रिका घरी राहिली होती. “मग बाहेर थांबा.” मुलाची कविता त्यांनी भिंतीपलीकडून लाउडस्पीकरवर ऐकली. “आवाज आला हो,” त्या सांगतात, “पण तो मला शोधत होता की नाही, ते कसं कळणार?” हे सांगताना त्या रडत वगैरे नाहीत. त्या माणसाला अजून शिव्या देतात.

पुढे त्या आमच्या शाळेत वाचनालयात मदतनीस म्हणून लागल्या आणि नंतर फाटकाशी आल्या.

आमच्याकडे वर्षातून एकदा खुला दिवस असतो. वर्गावर्गांत मुलांची मॉडेले, चित्रे, मैदानावर कवायत, आणि पाहायला आई-वडील, आजी-आजोबा, शेजारी, जुने विद्यार्थी, सगळे. पूर्वी त्या दिवशी शाळेची जत्रा व्हायची. कोण कुठून आला, कुठे गेला, पत्ता नसायचा. एका वर्षी कोणीतरी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक उचलून नेला. लगेच संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मान काढले, पुढच्या वर्षीपासून बाहेरच्यांना बंदी. तेव्हा बाई मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, गेल्या आणि म्हणाल्या, “एक वर्ष फाटक माझ्यावर सोडा. दार बंद करायला कुलूप पुरतं. ते उघडं ठेवायला माणूस लागतो.”

त्यांची पद्धत साधी होती. येणाऱ्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि कोणाचे कोण ते विचारायचे. मग इंटरकॉमवरून त्या वर्गाला कळवायचे. मूल स्वतः फाटकापर्यंत येणार, आपल्या माणसाचा हात धरणार आणि आत नेणार. परतताना मुलानेच पुन्हा फाटकापर्यंत सोडायचे, आणि मूल आत गेल्याशिवाय पाहुण्याने बाहेर पडायचे नाही. एकटा पाहुणा शाळेत कुठेही फिरणार नाही, आणि तरी कोणालाही आपल्याला अडवले असे वाटणार नाही. उलट आजोबा लोकांना तर नातू न्यायला आला की राजाला पालखी आल्यासारखे वाटायचे.

एकदा एका गृहस्थाने सहावीतल्या मुलाचे नाव सांगितले. मुलगा आला, पाहिले आणि म्हणाला, “हे कोण? मी यांना ओळखत नाही.” गृहस्थ खासगी शिकवणीवर्गाची जाहिरात वाटायला आले होते. बाईंनी त्यांना आणखी एक पेला पाणी दिले आणि म्हणाल्या, “प्या, घसा कोरडा पडला असेल. खोटं बोलायला फार ताकद लागते.” मग स्वतः उठून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आल्या.

असे वर्षानुवर्षे चालले. कोणाची वस्तू गेली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. फक्त एक भोक राहिले होते, आणि ते बाईंनी नव्हते पाडलेले.

शाळेला बाजूला आणखी एक फाटक आहे. खुल्या दिवशी ते सकाळपासून उघडे असते. तिथे गालिचा घालतात, दोन्हीकडे कुंड्या ठेवतात, आणि अध्यक्ष, त्यांचे स्नेही, देणगीदार, प्रमुख पाहुणे यांच्या गाड्या तिथून आत येतात. तिथे कोणी बसत नाही आणि कोणी विचारत नाही. बाई दरवर्षी म्हणायच्या, “तिथेही एक खुर्ची टाकू या.” दरवर्षी अध्यक्ष हसायचे. “बाई, आमच्या पाहुण्यांना काय ‘कोणाकडे आलात’ विचारणार? तिथून येणारी माणसं वेगळी असतात.”

या वर्षी तिथून जाणारा माणूसही वेगळा निघाला.

झाले असे. चौथीतल्या एका मुलीची आई, दवाखान्यात परिचारिका, खुल्या दिवसाच्या काही आठवडे आधी मोठ्या बाईंना भेटली होती. नवरा-बायको विभक्त झालेले. न्यायालयाचा आदेश होता की वडिलांनी मुलीला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, तिसऱ्या माणसासमोरच भेटावे. आईने आदेशाची प्रत मोठ्या बाईंच्या हातात दिली आणि सांगितले, “फाटकावर कळवून ठेवा.” मोठ्या बाईंनी प्रत घेतली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. फाटकावर कळवले नाही, वर्गशिक्षिकेला सांगितले नाही, मलाही नाही. कारण काय, तर एखाद्याच्या घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नये. वा! सभ्यता म्हणावी तर ही. जिला दारात बसवायचे तिलाच आंधळी करून बसवायचे, आणि त्याला गुप्तता म्हणायचे.

खुल्या दिवशी मी कार्यक्रमपत्रिका वाटायला बाईंच्या शेजारीच बसलो होतो. सकाळची गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा दमलेला.

“या, बसा,” बाई म्हणाल्या. “पाणी घ्या. कोणाकडे?”

त्यांनी मुलीचे नाव आणि वर्ग सांगितला. “मी वडील. उशीर तर नाही ना झाला? बस फार थांबत थांबत आली.”

“छे! तिच्या वर्गाचा ज्वालामुखी अजून फुटायचाय. सकाळपासून फुसफुसतोय नुसता.”

गृहस्थ हसले. बाईंनी वर्गाला फोन केला. मुलगी जिन्यावरून अशी धावत आली की पायातला बूट निसटून मागे राहिला. “पप्पा!” म्हणून तिने गळ्यालाच मिठी मारली. बाईंनी बूट उचलून आणला आणि मला हळूच म्हणाल्या, “बघा, याहून मोठी ओळख कोणती पाहिजे?”

मलाही तसेच वाटले. ओळख खरीच होती. परवानगी नव्हती, हे आम्हाला कोण सांगणार? ड्रॉवर?

दुपारी परिचारिका आई आली, कामाच्या कपड्यांतच.

“या, बसा,” बाई म्हणाल्या. “तिचे पप्पा आत आहेतच. मी कळवते वर्गाला.”

ती माउली काउंटरवर वाकली. “कोण आत आहे?”

“तिचे वडील. मघाशीच ती घेऊन गेली त्यांना.”

“मी कागद दिला होता!” ती ओरडली. “तुम्हाला सांगितलं नाही कोणी? कागद दिला होता मी!”

बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. वर्गाला फोन लावला. दोघे ज्वालामुखी पाहून केव्हाच बाहेर पडले होते. मैदानावर नव्हते, हॉलमध्ये नव्हते. मुख्य फाटकातून कोणी गेले नव्हते, आम्ही दोघे तिथे खुंट्यासारखे बसलो होतो. मग बाईंनी बाजूच्या फाटकाकडे पाहिले. गालिचा, कुंड्या आणि उघडा रस्ता.

“भाऊसाहेब, तुम्ही बसा इथे. एकही मूल बाहेर जाता कामा नये, मोठ्यांबरोबर असलं तरी,” त्या म्हणाल्या आणि आईला म्हणाल्या, “तुम्ही आत जा, मोठ्या बाईंना पोलिसांना फोन करायला लावा. मी रस्त्यावर बघते.” आणि त्या गालिच्यावरून तशाच चपला फटफटवत गेल्या.

पुढचे त्यांनीच सांगितलेले. रस्त्यावरच्या एकेका दुकानात डोकावत त्या चालल्या. स्टेशनरीच्या दुकानात नाहीत, बेकरीत नाहीत. चपला-बुटांच्या दुकानात दिसले. मुलगी बाकावर बसलेली आणि वडील जमिनीवर गुडघे टेकून तिच्या पायात नवा बूट चढवत होते. जुना तिला सैल होता. आईने वाढत्या मापाचा घेतला असेल, सगळेच घेतात.

बाई आत गेल्या आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या. “छान आहेत गं. जरा चालून दाखव.” मुलगी आरशापर्यंत चालत गेली. तेवढ्यात बाई हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, बूट झाले की आपण तिघं शाळेत परत जाऊ.”

“मी पळवून नेत नव्हतो,” तो म्हणाला. “बूट घेऊन परतच आणणार होतो.”

“असेल. पण तिच्या आईच्या पायाखालची जमीन सरकलीय.”

“आता तर ते भेटूच देणार नाहीत मला.”

“ते ठरवणारी मी नाही. पण तुम्ही आपल्या पायांनी परत आलात, एवढं मी विचारेल त्याला सांगेन. नाही आलात तर तेही सांगेन.”

तो आला. मुलगी मध्ये, एक हात पप्पांचा, एक हात बाईंचा, नव्या बुटांकडे बघत बघत चालणारी. तिला काहीही कळले नव्हते. मुख्य फाटकातूनच आत आले. आईने मुलीला जवळ ओढले, वडील खुर्चीवर बसले आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलले नाहीत. बाईंनी त्यांना पाणी दिले. यावरूनही पुढे महाभारत झाले.

आठवड्याभरात संस्थेची बैठक भरली. कागदपत्रांसाठी मी हजर होतो. अध्यक्ष, दोन सदस्य, मोठ्या बाई, मुलीची आई आणि टेबलाच्या टोकाला आमच्या बाई.

“तुमच्या या खुर्ची-पाण्याच्या लाडांनी शाळेची अब्रू जात होती,” अध्यक्षांनी सुरुवात केली. “कोणीही यावं, बसावं, पाणी प्यावं. ही काय धर्मशाळा आहे?”

“साहेब, ते बसले तिथून गेले नाहीत. गेले ते उभ्याउभ्या, बाजूनं,” बाई म्हणाल्या.

“विषय प्रवेशाचा आहे.”

“मुलगी आत आली म्हणून हरवली नव्हती. बाहेर गेली म्हणून हरवली.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाजूच्या फाटकाचा विषय त्या पुसण्यात पुसला गेला. एक सदस्य म्हणाले, पुढच्या वर्षी पाहुणेच नकोत, कार्यक्रम घरबसल्या मोबाइलवर दाखवू. दुसरे म्हणाले, उत्तम. सूक्ष्मदर्शक गेला तेव्हाही अक्कल एवढीच धावली होती. आपल्याला नीट सांभाळता येत नाही ना, मग आजी-आजोबांनाच बंद करा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तेवढ्यात आई बाईंकडे वळली. तिचा राग अजून जिवंत होता. “तुम्ही त्यांना पाणी दिलंत. दोनदा दिलंत!”

“दिलं,” बाई म्हणाल्या. “मला आदेश माहीत असता तरी दिलं असतं. पण मग मुलीला खाली बोलावलंच नसतं. त्यांना बसवून ठेवलं असतं आणि आधी तुम्हाला फोन केला असता.” मग म्हणाल्या, “माझंही एक चुकलं. मुलानं ओळखलं की झालं, असं मी धरून चालले. लेकरू ज्याच्यावर जीव लावतं त्याला ओळखतं. त्याला नेता येतं की नाही, ते लेकराला ठाऊक नसतं. पुढच्या वेळी मुलाबरोबर वर्गशिक्षिकाही खाली येतील, असं मी आधीच योजलंय.”

आईने मान वळवली आणि मोठ्या बाईंना विचारले, “मी कागद कोणाच्या हातात दिला होता?”

अध्यक्ष घाईने म्हणाले, “तो अंतर्गत विषय आहे. आम्ही बघू.”

बघितले ते असे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ताकीदपत्र टाइप करायला आले. ‘न्यायालयाच्या आदेशाकडे दुर्लक्ष करून अनधिकृत व्यक्तीस प्रवेश दिल्याबद्दल.’ बाईंनी पोच म्हणून सही करायची. सही केली तर फाटकावर राहायचे, नाही केली तर भांडारात बदली. भांडार म्हणजे तळघरातली खोली, जुने बाक आणि मोडके फळे, माणूस दिसायचा नाही. या बाईंना तिथे बसवणे म्हणजे मासा काढून कपाटात ठेवणे. जो आदेश त्यांना दाखवलाच नाही, त्याच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले म्हणे! एवढ्या वर्षांत मी पुष्कळ रूक्ष वाक्ये टाइप केली, पण इतके निर्लज्ज वाक्य बोटांखालून गेले नव्हते. हे मी मोठ्या बाईंना तोंडावर सांगितले. त्या म्हणाल्या, “वरून आलंय, भाऊसाहेब.”

मी पत्र घेऊन स्वागतकक्षात गेलो. बाईंनी चष्मा लावून उभ्यानेच वाचले.

“यात बाजूच्या फाटकाचं काही नाही?”

“नाही.”

“ड्रॉवरचं?”

“नाही.”

“मग हे माझं नाही, भाऊसाहेब. ज्यांचं असेल त्यांना द्या.”

“बाई, भांडारात जावं लागेल.”

“जाईन की. उंदरांना बसवीन, पाणी देईन, कोणाकडे आलात विचारीन.” त्या हसल्या, पण पत्र परत देताना एकदा फाटकाकडे पाहिले. फाटक सुटणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. “सही केली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होईल, आणि तेव्हा दुकानात बूट नसतील घेत कोणी.”

मी पत्र तसेच आत नेले आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले. “घेत नाहीत,” म्हटले.

“का?”

“त्यांचं नाही म्हणतात. ज्यांचं असेल त्यांना द्या म्हणतात.”

त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. मला वाटले आता भांडाराचा हुकूम टाइप करायला सांगतील. पण त्या उठल्या आणि पत्र हातात घेऊन स्वतः फाटकाकडे निघाल्या. मी मागे गेलो. शाळा सुटायची वेळ, खुर्च्यांवर पालक बसलेले. त्या सगळ्यांसमोर मोठ्या बाई म्हणाल्या, “बाई, आदेश माझ्याकडे होता. मी तुम्हाला सांगितला नाही. चूक माझी आहे.” आणि ताकीदपत्राचे दोन तुकडे केले.

पालक एकमेकांकडे पाहू लागले. दुसरी कोणी असती तर डोळे पुसून मोकळी झाली असती. आमच्या बाईंनी मोठ्या बाईंना खुर्ची सरकवून दिली आणि विचारले, “ते झालं. पण बाजूचं फाटक?”

“ते… अध्यक्षांशी बोलावं लागेल.”

“बोला ना. तोवर किल्ली माझ्याकडे राहू द्या.”

मोठ्या बाई मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, किल्ली आणा.” मी इतक्या जलद जिना बऱ्याच वर्षांत चढलो नव्हतो.

अध्यक्षांना हे कळले आहे. परवा त्यांची गाडी बाजूच्या फाटकाशी भोंगा वाजवत उभी राहिली, आणि शेवटी वळसा घालून मुख्य फाटकाशी आली. पुढच्या बैठकीत ‘शिस्तभंग’ असा विषय आहे. किल्ली परत मागणार, पाहुण्यांना बंदीचा ठरावही आणणार. मुलीची आई म्हणते मी येणार, आणि मी एकटी येणार नाही. मोठ्या बाई काय बोलतील, मला सांगता येत नाही. सवय वाईट असते. मी मात्र या वेळी नुसती कागदपत्रे घेऊन जाणार नाही. त्या दिवशी मी त्या काउंटरवर बसलेला होतो, आणि कोणत्या फाटकावर कोणी नव्हते ते मला माहीत आहे.